ढाक्यात खुर्ची हलली की लासलगावात भाव का हलतो?

उन्हाळकांदा

१७ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरणाने बांगलादेशच्या माजी पंतप्रधान शेख हसीनांना त्यांच्या गैरहजेरीत फाशी सुनावली. बातमी आली तेव्हा आमच्या खळ्यावर न्याय-अन्यायाचं कुणी काही बोललं नाही. पहिला प्रश्न आला तो, "मग आता आयपी निघणार का?" आयपी म्हणजे बांगलादेशचा आयात परवाना. तिकडचं कृषी विस्तार खातं तो देतं. निघाला की घोजाडांगा, हिली, महदीपूर या सीमानाक्यांकडे गाड्या लागतात. नाही निघाला की लिलावात ट्रॅक्टरभोवती माणसं उभी असतात, पण बोली पुढे सरकत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये परवाने थोडे दिवस उघडले आणि परत मिटले. चाळीतला उन्हाळ कांदा कोंब धरायला लागला, वजन घटलं, त्यात लाल कांद्याची आवक सुरू झाली. चिडचिड होणार, ती मलाही होते. पण या चिडचिडीतून व्हॉट्सअॅपवर एक वाक्य फिरतंय : "एकाहत्तरला आपण त्यांना देश मिळवून दिला आणि आज ते आपला कांदा नाकारतात." हे वाक्य वाचलं की डोकं फिरतं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. बांगलादेशचं भारताविषयीचं धोरण आपल्यावरच्या प्रेमाने किंवा रागाने ठरत नाही. ढाक्यात सत्तेवर टिकायला काय लागतं यावर ते ठरतं. आणि आपल्या सरकारचं कांदाधोरणही ढाक्याकडे बघून कधी ठरलेलं नाही, ते दिल्ली-मुंबईतल्या भाजीवाल्याच्या पाटीकडे बघून ठरतं. दोन्हीकडे घरचं राजकारण आधी आणि शेजार नंतर.

इतिहास थोडा उगाळतो. २९ सप्टेंबर २०१९ ला आपण निर्यात बंद केली. महाराष्ट्र आणि हरियाणाच्या निवडणुका तोंडावर होत्या. चार-पाच दिवसांत हसीना दिल्लीला आल्या आणि उद्योगपतींच्या कार्यक्रमात भर सभेत हिंदीतून म्हणाल्या की कांदा का बंद केलात ते कळलं नाही, मी तर स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, आजपासून जेवणात कांदा घालू नकोस. सभागृह हसलं. तिकडे नोव्हेंबरात कांदा किलोला दोनशे टाक्यांच्या (टाका म्हणजे त्यांचं चलन) वर गेला आणि विमानाने आणायची पाळी आली, तेव्हा कुणी हसत नव्हतं. हसीना म्हणजे भारताची सगळ्यात जवळची माणूस. तिलाही आपण आधी कळवलं नाही.

पुढच्या वर्षी १४ सप्टेंबर २०२० ला परत तेच. सीमेवर उभ्या गाड्यांना काही दिवसांनी सूट मिळाली, तोवर गोण्यांना पाणी सुटलं होतं. ढाक्याने या वेळी लेखी नाराजी कळवली. त्यांचा मुद्दा इतकाच होता की बंद करायचं तर आधी सांगा, हे आपलं बोलणं झालं होतं.

आता २०२३ घ्या, हे वर्ष सगळ्यात बोलकं आहे. मार्चच्या मध्यात बांगलादेशने आयपी बंद केली, कारण पाबना-फरीदपूरच्या शेतकऱ्याचा कांदा निघाला होता. जूनला तिथला भाव शंभरीला टेकला तशी ५ जूनपासून उघडली. मग १९ ऑगस्टला आपण ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. आठवत असेल, लासलगावचे लिलाव बंद पडले होते. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं आणि ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. ढाक्यात भाव एका रात्रीत दोनशे टाक्यांवर गेला. तिथली निवडणूक होती ७ जानेवारी २०२४ ला. म्हणजे आपल्या मैत्रिणीची निवडणूक महिन्यावर असताना तिच्या शहरांतल्या स्वयंपाकघरात आपणच जाळ लावला. का? आपली लोकसभा जवळ आली होती म्हणून.

म्हणून मला तरी हे कृतघ्नपणाचं गाऱ्हाणं पटत नाही. ज्या गिऱ्हाइकाला तुम्ही चार वर्षांत तीनदा दुकानाच्या दारातून परत पाठवलं, त्याने घरी कांदा लावायला घेतला तर त्यात १९७१ कुठून आलं?

*

सिडकोचा पवन

दादा, लेख चांगला आहे, पण तुम्ही व्यापाऱ्याच्या चष्म्यातून बघताय. सरळ प्रश्न विचारतो. ५ ऑगस्ट २०२४ ला हसीना सत्ता सोडून भारतात आल्या, त्यानंतर तिथल्या हिंदूंच्या घरांवर, देवळांवर हल्ले झाले की नाही? तिथले हिंदू संन्यासी चिन्मय कृष्ण दास यांना नोव्हेंबरात उचललं की नाही? मुजीबचं धानमंडीचं घर २०२५ च्या फेब्रुवारीत जेसीबी लावून पाडलं. ज्याला ते राष्ट्रपिता म्हणत होते त्याचं घर! अशा देशाला कांदा दिला काय आणि नाही दिला काय. आपल्या जवानांनी रक्त सांडलं म्हणून १६ डिसेंबर उजाडला. हे विसरणाऱ्याला कृतघ्न नाही तर काय म्हणायचं?

*

चावडीवाचक

फक्त एक माहिती : फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या विद्यार्थी नेत्यांनी नवा पक्ष काढला, नॅशनल सिटिझन पार्टी. थोडक्यात एनसीपी. आपल्याकडे दोन आहेत, तिसरी ढाक्यात. घड्याळ कुणाला मिळणार ते निवडणूक आयोगाने आत्ताच सांगून टाकावं.

*

गोदाकाठ मास्तर

पवनराव, हल्ले झाले, आणि त्याचा निषेध करायला कुणाची हरकत नाही. धागालेखकाचा मुद्दा वेगळा आहे आणि तो मला बराचसा मान्य आहे, पण त्यातलं एक पान गळलंय. ते जोडतो.

बांगलादेशात सत्तांतर सरळ होण्याची सवय कधी लागलीच नाही. मुजीब १५ ऑगस्ट १९७५ ला कुटुंबासह मारले गेले. राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान ३० मे १९८१ ला चितगावात मारले गेले. १९८२ ला इर्शाद लष्कराच्या जोरावर आले आणि १९९० च्या डिसेंबरात रस्त्यावरच्या आंदोलनाने गेले. त्यानंतर मुजीबची मुलगी आणि झियांची पत्नी, हसीना आणि खालिदा, आलटून पालटून. दोघींचा एकमेकींवर इतका अविश्वास की निवडणुकीपुरतं त्रयस्थ काळजीवाहू सरकार बसवायची तरतूद १९९६ मध्ये थेट राज्यघटनेत घालावी लागली. ही व्यवस्था ओबडधोबड होती, पण तिच्यामुळे सत्ताधारी पक्ष हरू शकत होता. २०११ मध्ये हसीनांनी पंधराव्या दुरुस्तीने ती काढून टाकली. लगेच पुढच्या, म्हणजे २०१४ च्या निवडणुकीत ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध! आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत पॅनल बिनविरोध आलं तरी गावात आठवडाभर कुजबुज असते.

इथे परराष्ट्र धोरण आत शिरतं. मतपेटीतून राग काढायची वाट बंद झाली. २०१४, २०१८, २०२४, तिन्ही वेळा दिल्लीने निकाल लगेच मान्य केला. मग तिथल्या सामान्य माणसाच्या मनात हसीनांवरचा राग आणि भारतावरचा राग यांत फरक राहिला नाही. २०२४ च्या सुरुवातीला तिथे 'इंडिया आउट' म्हणून भारतीय मालावर बहिष्काराची मोहीम चालली, ती काही पाकिस्तानातून आली नव्हती. आपण एका देशाशी मैत्री करतोय असं समजत होतो, प्रत्यक्षात एका घराण्याशी केली.

जुलै २०२४ चं आंदोलन तर भारतावरून नव्हतंच. १९७१ च्या स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांना सरकारी नोकरीत ३० टक्के जागा, हा कोटा न्यायालयाने जूनमध्ये परत आणला, त्यावरून पोरं उतरली. हसीनांनी "मग काय रझाकारांच्या (म्हणजे एकाहत्तरला पाकिस्तानला साथ देणाऱ्यांच्या) नातवंडांना द्यायच्या?" अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं आणि ठिणगी पडली. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो वाटा ५ टक्क्यांवर आणला, पण तोवर गोळीबार होऊन गेला होता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज १४०० पर्यंत मृत्यूंचा आहे. पवनराव, लक्षात घ्या, ज्या पोरांना १९७१ च्या नावाने नोकरी नाकारली जात होती त्यांना आपण १९७१ ची आठवण देतोय. ती त्यांच्या कानाला कशी लागत असेल?

(इथून आपल्या आरक्षणावर घसरू नका. त्याचे तीन धागे आधीच वर आहेत.)

*

द्राक्षबाग पिंपळगाव

कांद्यावाल्यांचं निदान पेपरात छापून येतं. द्राक्षाचं कोण बोलतं? युरोपला जातो तो निवडक माल, रेसिड्यूच्या, म्हणजे फवारणीच्या अंशाच्या, चाचण्या पास करून. बांगलादेशला जातो तो मोठा माल, ट्रकने, पेट्रापोलच्या सीमानाक्यामार्गे. साधा गोड माल, क्रेटात भरला की निघाला. तो बाजार म्हणजे आमचा श्वास होता.

आता गंमत बघा. मे २०२२ मध्ये बांगलादेशने शंभरावर वस्तूंवर २० टक्के जादा नियामक शुल्क लावलं, त्यात फळं आली. तेव्हा हसीनाच होत्या. भारतावर रुसून लावलं का? नाही. डॉलर संपत आले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये ४८ अब्ज डॉलरची गंगाजळी होती, युक्रेनचं युद्ध पेटलं, तेल-गॅस महागला आणि ती झरझर खाली आली. जानेवारी २०२३ मध्ये नाणेनिधीकडून ४७० कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. ज्या सरकारला डिझेलला डॉलर पुरत नाहीत ते द्राक्षांना कशाला देईल? फळ म्हणजे त्यांच्या हिशेबात चैन. विदर्भातल्या संत्रावाल्यांचंही तेच झालं.

आमच्याकडे मात्र त्या वर्षी गावात एकच बोललं जात होतं, "बांगलाने दगा दिला". दगा कसला, त्यांची तिजोरी रिकामी झाली. उन्हाळकांदा म्हणतात ते याच अर्थाने मला पटतं. सरकार मित्राचं असून शुल्क वाढलं.

*

शर्वरी इंदिरानगर

मी ढाक्यात मोहम्मदपूर भागात राहिलेय, कामानिमित्त. राजकारण मला फार कळत नाही, बघितलेलं लिहिते.

तिथे सरकारी महामंडळाचे ट्रक चौकात येतात. टीसीबी म्हणतात त्याला. तेल, मसूर डाळ, साखर, आणि टंचाई असली की कांदा, बाजारापेक्षा स्वस्त. ट्रकमागे बायकांची रांग सकाळपासून. आधी गरीब वस्तीतल्या दिसायच्या, नंतर नंतर चेहऱ्यावर ओढणी घेऊन उभ्या असलेल्या मध्यमवर्गीय बायकाही दिसायला लागल्या. कुणी ओळखू नये म्हणून ओढणी. त्या रांगेत भारताबद्दल काय बोललं जायचं ते सांगितलं तर पवनदादा तुम्हाला आवडणार नाही, पण ते १९७१ बद्दल नसायचं. "इंडिया बंद करे दिलो", बस्. आमच्या घरी कामाला येणाऱ्या खालांना भारताची निवडणूक कधी आहे हे माझ्याआधी माहीत असायचं, कारण निवडणूक आली की कांदा महागतो हे त्यांचं गणित.

मासा, भोर्ता, डाळ, काहीही कांद्याशिवाय होत नाही तिथे. रमजानात पियाजू म्हणजे मसूर डाळीची कांदाभजी इफ्तारला घरोघरी लागते. म्हणून कुठलंही सरकार रमजानच्या आधी कांद्याला घाबरतं. कारवान बाजारात मंत्री कॅमेरे घेऊन भाव विचारायला येतात, आणि ते गेले की भाव परत होता तिथे!

आणि हो, नाशिक हे नाव तिथल्या भाजीवाल्याला माहीत असतं. 'नासिक पेयाज' म्हणून वेगळा ढीग लावतो, मोठा आणि लालसर. देशी कांदा लहान, तिखट आणि महाग. बायका जमलं तर देशीच घेतात, तो चवीला जास्त लागतो म्हणून. आपल्याकडे समजतात तसं आपल्या कांद्यावाचून त्यांचं अडलेलं नसतं, परवडत नाही म्हणून आपला घेतात.

*

मालेगावचा सूतवाला

शर्वरीताई, रांगेचं अगदी खरं लिहिलंत.

मी यंत्रमागाच्या धंद्यातला, सुताच्या दलालीत आहे. कांदा दिसतो, सूत दिसत नाही, पण दोन देशांतला मोठा व्यवहार सुताचा आणि कापसाचा आहे. बांगलादेशच्या निर्यातीत पाचातले चार रुपये तयार कपड्यांचे. कपडा शिवायला सूत लागतं आणि ते आपल्याकडून जातं.

२०२५ ची साखळी सांगतो. ८ एप्रिलला भारताने त्यांची ट्रान्सशिपमेंटची सोय काढली, म्हणजे त्यांचा माल आपल्या विमानतळ-बंदरांतून तिसऱ्या देशात जात होता तो थांबला. आठवड्याच्या आत, १५ एप्रिलला, त्यांनी भूमार्गाने येणारं आपलं सूत बंद केलं. टीव्हीवर आलं, 'ढाक्याचं प्रत्युत्तर'. पण भाई, धंद्यातल्या माणसाला विचारा. तिथल्या सूतगिरणीवाल्यांची संघटना ही मागणी कधीपासून करत होती की बेनापोलवरून (पेट्रापोलच्या पलीकडचा त्यांचा नाका) स्वस्त सूत येतं आणि आमच्या चात्या बंद पडतात. गारमेंटवाले उलट ओरडत होते की सूत अडवू नका, आमच्या ऑर्डरी जातील. भारताशी बिघडलं तेव्हा सरकारला एका बाजूचं ऐकायला निमित्त मिळालं. भांडण गिरणीवाला विरुद्ध शिलाईवाला असं होतं, त्यावर झेंडा लावला.

मग १७ मे ला आपण म्हटलं, तुमचे कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरातून आणा, पेट्रापोलवरून नाही. जूनअखेर तागालाही तसंच, न्हावाशेवाच. तिकडून कोलकात्याला ट्रकने काही तासांत येणारा तागाचा माल आता सिलोनला वळसा घालून मुंबईला उतरतो. दिल्लीत याला कडक धोरण म्हणतात. आपले कपडा उत्पादक खूश झाले हे लिहायला नको. म्हणजे आपल्याकडेही झेंड्याखाली कुणाची तरी दुकानदारी आहेच.

एक गोष्ट मालेगावचा म्हणून लिहितो. बांगलादेशींना खोटे जन्मदाखले दिल्याच्या आरोपावरून इथे एसआयटी बसली, चौकशी व्हावी, खोटा दाखला काढणारा सापडला तर शिक्षा व्हावी. पण 'बांगलादेशी' हा शब्द आमच्या गावात शिवीसारखा फेकला जातो. पश्चिम बंगाल आणि आसामच्या निवडणुका २०२६ च्या उन्हाळ्यात. तोवर तो शब्द अजून जोरात फेकला जाणार, आणि ढाक्यातले पेपर तो रोज छापणार. तिथल्या भारतद्वेष्ट्या पुढाऱ्याला याहून चांगला प्रचार कोण करून देईल?

*

सिडकोचा पवन

सगळे मिळून मलाच समजावताय, ठीक आहे. पण कांदा-सुताच्या पलीकडे सुरक्षा नावाची गोष्ट असते ना? नोव्हेंबर २०२४ मध्ये कराचीहून मालवाहू जहाज थेट चितगावला लागलं, एकाहत्तरनंतर पहिल्यांदा. ऑगस्ट २०२५ मध्ये पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री ढाक्यात. त्याच वर्षी मार्चमध्ये हसीनांनंतरच्या अंतरिम सरकारचे प्रमुख मोहम्मद युनूस चीनला गेले आणि तिथे म्हणाले की भारताची ईशान्येची सात राज्यं जमिनीने वेढलेली, समुद्राचे राखणदार आम्हीच. हे बोलणं घरच्या राजकारणाचं आहे का? सिलिगुडीची पट्टी सगळ्यात अरुंद जागी वीसेक किलोमीटर. नोबेल मिळालेल्या माणसाला हे कळत नाही असं कोण म्हणेल? जमात-ए-इस्लामी या कट्टर पक्षाची नोंदणी परत मिळाली, ढाका विद्यापीठाच्या निवडणुकीत त्यांची विद्यार्थी संघटना, शिबिरवाले, निवडून आले. तुम्ही गोण्या मोजत बसा.

*

गोदाकाठ मास्तर

पवनरावांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. युनूस यांचं ते वाक्य बेजबाबदार होतं, आणि ट्रान्सशिपमेंट काढली गेली ती त्यानंतर दहा-बारा दिवसांत, हेही खरं.

पण थोडं ढाक्यातून बघा. तीन बाजूंनी भारत, ४०९६ किलोमीटरची सीमा, चौथ्या बाजूला समुद्र आणि कोपऱ्यात म्यानमार, जिथून २०१७ ला सात लाखांवर रोहिंग्या आले ते अजून कॉक्स बाजारला आहेत. अशा देशाला दुसऱ्या मोठ्या शक्तीचा टेकू लागतोच. तो हसीनांनाही लागला होता. चिनी पाणबुड्या त्यांच्याच काळात घेतल्या, पद्मा पुलाचं बांधकाम चिनी कंपनीने केलं. फरक इतकाच की त्या दिल्लीला सांभाळून घ्यायच्या. आणि युनूस फक्त चीनकडे बघत होते असंही नाही. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ३७ टक्के आयात शुल्काची धमकी दिली तेव्हा बोइंगची २५ विमानं आणि अमेरिकी गहू घ्यायचं कबूल करून ते २० टक्क्यांवर उतरले. आपण तेव्हा ५० वर अडकलो. छोट्या देशाची ही लवचीकता आहे, तिला थोडी दादही द्यावी.

जमातबद्दल : ते वाढतायत, खरं आहे. पण मैदानात हसीनांची अवामी लीगच नाही, मे २०२५ मध्ये तिच्या कामावर बंदी आली. एवढा मोठा पक्ष घराबाहेर ठेवून निवडणूक घेतली तर उरलेल्यांचा आवाज मोठाच ऐकू येणार. हीच चूक हसीनांनी खालिदांच्या पक्षाबाबत केली होती. पात्रं बदलली, खेळ तोच. २० नोव्हेंबर २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळजीवाहू सरकारची व्यवस्था परत आणली, पण ती फेब्रुवारी २०२६ च्या निवडणुकीला नाही, त्याच्या पुढच्या.

आता खरा अवघड विषय, ज्यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. १२ डिसेंबर १९९६ चा गंगा पाणीवाटप करार तीस वर्षांचा आहे. डिसेंबर २०२६ मध्ये संपतो. जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत फरक्का धरणावर जेवढं पाणी येईल त्याचे वाटे त्यात ठरलेत : ७० हजार क्युसेकपर्यंत निम्मं-निम्मं, ७० ते ७५ हजारांत बांगलादेशला ३५ हजार, त्यावर आलं तर भारताला ४० हजार आणि उरलेलं त्यांना. नाशिककरांना हे समजावून सांगायला नको. दर ऑक्टोबरात जायकवाडी ६५ टक्के भरलं की नाही यावरून गंगापूर-दारणाचं पाणी खाली सोडायचं का, ही मारामारी आपण करतोच. त्या भांडणात आपण वरचे. आपलं म्हणणं असतं, आमच्या द्राक्षाला, शहराला कमी पडतं. मराठवाड्याचं म्हणणं असतं, तुम्ही वर बसून अडवता. आपण भारत आहोत आणि पैठण बांगलादेश, असं क्षणभर समजा आणि मग कृतघ्नपणावर बोला. बरं, तिथे दोघांच्या वर मुंबईत एक प्राधिकरण आणि न्यायालय आहे. फरक्क्याच्या वर कुणी नाही.

तिस्तेचंही तेच. २०११ ला मनमोहन सिंग ढाक्याला करार घेऊन निघाले होते, ममता बॅनर्जींनी पाठ फिरवली आणि करार आजतागायत कपाटात. त्या पाण्यावर आता चीन प्रकल्प करून देतो म्हणतोय. म्हणजे परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं हेही अर्धसत्य. काही कोलकात्यात ठरतं, काही लासलगावात.

*

द्राक्षबाग पिंपळगाव

मास्तर, पाण्याचं उदाहरण देऊन तुम्ही आम्हालाच आरोपी केलंत :) पण मुद्दा पोचला.

हसीनांना भारत परत देणार का, यावर कुणीतरी लिहा. बाजारात सगळ्यांचा अंदाज हाच आहे की त्या इथे आहेत तोवर आयपी सुटी होणार नाही.

*

गोदाकाठ मास्तर

२०१३ चा प्रत्यार्पण करार आहे. राजकीय स्वरूपाचा गुन्हा असेल तर नकार देता येतो, पण खून त्या सवलतीतून स्पष्टपणे वगळलाय. मात्र आरोप न्यायाच्या हेतूने, सद्भावनेने केलेला नाही असं वाटलं तर नकार द्यायची वेगळी खिडकी आहे. दिल्ली तीच वापरेल किंवा काहीच उत्तर देणार नाही. माझा कल दुसऱ्याकडे. आश्रयाला आलेल्या माणसाला फाशीसाठी परत पाठवणं कुठल्याच सरकारला जमणार नाही, आणि ढाक्यालाही ते माहीत आहे. निवडणूक होईपर्यंत मागणी गाजत ठेवणं त्यांना सोयीचं.

*

उन्हाळकांदा

आयपीचा आणि हसीनांचा संबंध लावू नका, भाऊ. म्हणूनच मी २०२३ चं उदाहरण आधी दिलं. हसीना खुर्चीवर होत्या तेव्हाही मार्चात आयपी बंद झाली होतीच. ती त्यांच्या पिकाच्या वेळापत्रकावर चालते.

त्यांच्याकडे दोन कांदे आहेत. मुडीकाटा, जो लहान गड्डे लावून लवकर काढतात, तो डिसेंबरपासून बाजारात येतो आणि टिकत नाही. दुसरा हाली, रोपं लावून घेतलेला, मुख्य पीक, मार्चपासून. तो साठवणीचा. पीक भरपूर, पण आपल्यासारख्या चाळी कमी, बराच माल सडतो. म्हणून दर वर्षी पावसाळा सरता सरता ओढ लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात भाव शंभरीपार गेला आणि सरकारमध्ये दोन गट झाले. वाणिज्यवाले म्हणतात, भाव उतरला नाही तर आयात करू. कृषीवाले म्हणतात, मुडीकाटा तोंडावर आहे, शेतकरी मरेल. आपल्याकडे ग्राहक कल्याणवाले आणि कृषीवाले असेच भांडतात, आणि दोन्हीकडे शेवटी शहर जिंकतं. निदान निवडणुकीपर्यंत.

आता तारखा जुळवा. तिथली निवडणूक फेब्रुवारी २०२६ च्या पहिल्या पंधरवड्यात, जुलै सनदीवरचं (आंदोलनानंतर ठरलेल्या राजकीय सुधारणांवरचं) सार्वमतही त्याच दिवशी. लगेच १८-१९ तारखेच्या सुमारास रमजान लागतो. म्हणजे नवं सरकार शपथ घेतं न घेतं तोच इफ्तारच्या पियाजूचा भाव त्याच्या माथी. आणि रमजान संपायच्या आत हाली कांदा पाबन्यातून निघणार. माझा अंदाज : डिसेंबरात थोडेथोडे परवाने मोजून सुटतील, रमजानच्या तोंडावर हात जरा सैल होईल, आणि मार्चच्या मध्याला दार बंद. सरकार खालिदांच्या बीएनपीचं येवो, जमातचं येवो. नेमका तेव्हाच आपला उन्हाळ कांदा निघतो, म्हणजे आपल्या मुख्य पिकाला ते गिऱ्हाईक नाहीच असं धरून चालायला हवं.

बाहेरून बंद होण्याचं दुःख मला कमी आहे. आतून बंद होण्याचं जास्त. २०२२-२३ ला देशाची निर्यात २५ लाख टनांच्या घरात होती आणि सगळ्यात मोठा खरेदीदार बांगलादेश. त्यानंतर ज्या उड्या मारल्या, शुल्क, किमान मूल्य, बंदी, मग २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २००० टनांची सूट आणि आपण ताटकळत, त्यात तिकडचे आयातदार पाकिस्तान, इजिप्त, तुर्की, चीनकडे वळले. दिंडोरीत भारती पवार आणि नाशकात हेमंत गोडसे पडले तेव्हा दिल्लीला कांदा दिसला. सप्टेंबर २०२४ ला शुल्क निम्म्यावर, १ एप्रिल २०२५ पासून शून्य. शून्य झालं तेव्हा गिऱ्हाईक दारात नव्हतं.

मागणी करायची तर ही करा : दोन्ही देशांत लेखी ठरावं की आयात किंवा निर्यात बंद करायची झाली तर अमुक दिवस आधी कळवायचं आणि वाटेतल्या गाड्यांना सोडायचं. भावाची हमी नको, तारखेची द्या. त्यासाठी ढाक्यात आपला माणूस बसायची वाट बघावी लागत नाही.

*

मालेगावचा सूतवाला

सुतालाही हीच मागणी चालेल. एक भर घाला. २०२५ मधल्या वेळापत्रकाप्रमाणे २४ नोव्हेंबर २०२६ ला बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचाय. आपल्या बाजारात त्यांना जी शून्य शुल्काची सवलत आहे ती त्या दर्जामुळे आहे. म्हणजे २०२६ च्या अखेरीला ते स्वतःच बोलणी करायला येणार, व्यापाराची आणि पाण्याची एकदमच. तेव्हा कांद्याची तारीख त्या टेबलावर ठेवायला नाशिकच्या खासदारांना आत्तापासून सांगा. ऐन वेळी निवेदन घेऊन फोटो काढण्यात अर्थ नाही.

*

सिडकोचा पवन

तारखेची हमी मागा, त्याला माझा विरोध नाही. पण त्याच टेबलावर तिथल्या हिंदूंच्या सुरक्षेचंही ठेवा. नुसता कांदा नको.

*

शर्वरी इंदिरानगर

पवनदादा, ठेवाच. फक्त तिथला माणूस लगेच मालेगावचं काढणार, तेव्हा आपल्या बाजूने उत्तर काय द्यायचं तेही आधी ठरवून जा.

*

चावडीवाचक

उद्या लासलगावला कुणी असेल तर लाल आणि उन्हाळ दोन्हीचे सरासरी भाव इथे टाका. कमाल भावाचे फोटो नकोत, तो एका ट्रॉलीला मिळालेला असतो.